फाइल तिच्या हातात द्या

समोरच्या घरातले तात्या परवा संध्याकाळी आले. एरवी फाटकातूनच हाक मारणारा माणूस चपला काढून आत आला, दार लोटून घेतलं आणि खुर्चीच्या कडेवर बसला. सुनेचा रिपोर्ट आला होता. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, पहिली स्टेज. पोरगी अडतीस वर्षांची, पदरात दोन लेकरं. सोळा दिवसांनी ऑपरेशनची तारीख. "बाई, तुम्ही ह्यातून गेलाय," तात्या म्हणाले, "तिच्यापाशी जरा बसत जावा. धीर येईल तिला. फक्त आजाराचं नाव काढू नका. पिशवीला सूज आलीय, एवढंच सांगितलंय आम्ही."

तात्या हे प्रेमापोटी बोलत होते, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. लग्नानंतर सुनेला डीएडला घालणारा हा सासरा आहे. त्यामुळे त्यांच्यासमोर माझी जीभ उचलली नाही. चहा टाकला, "बघते" म्हणाले आणि त्यांना वाटेला लावलं. रात्रभर ते "बघते" टोचत राहिलं. आज इथे लिहिते आहे ते त्यांना द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. आणि ते एकट्या तात्यांसाठी नाही, कारण हेच वाक्य मी याआधी सख्ख्या भावाच्या, दिरांच्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं आहे, तेव्हा ते माझ्याविषयी होतं.

२०१९चा उन्हाळा. मी पंचेचाळीस वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवत होते. पाळी नसतानाही मध्येच डाग पडायचे, नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त जायचं. हे वाक्य छापायला नको होतं असं कुणाला वाटलं तर वाटो. बायका सगळ्यात जास्त लपवतात ते लक्षण हेच, आणि हा आजार वेळेत पकडून देणारं लक्षणही हेच. तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले, "थोडी सूज आहे, काळजी करू नका." मग आवाज बदलून, "मिस्टर, जरा बाहेर या." मी पडद्याआड टेबलावरून उतरून साडी नीट करत होते. व्हरांड्यात सात-आठ मिनिटं कुजबुज झाली. हे आत आले तेव्हा त्यांच्या हातातल्या चिठ्ठीवर ऑपरेशनची तारीख लिहिलेली होती.

पुढचे नऊ दिवस घरात सगळ्यांना माहीत होतं. नवऱ्याला, थोरल्या दिरांना, माझ्या भावाला, भावाच्या मेव्हण्यालासुद्धा. दहाव्या दिवशी भरती व्हायचं म्हणून मी आधार कार्ड शोधत होते, तेव्हा कपाटात यांच्या शर्टांच्या खाली फाइल हाताला लागली. "कार्सिनोमा" म्हणजे काय हे विज्ञानाच्या बाईला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

त्या फाइलमधून आणखी एक गोष्ट कळली, ती माझ्या रागाचं खरं कारण आहे. ठरलेलं ऑपरेशन साधं होतं. पाळीत जास्त जातं म्हणून किंवा फायब्रॉइडच्या गाठींसाठी पिशवी काढतात, तसलं. एमआरआय झालेला नव्हता. गाठ केवढी आहे हे कुणी मोजलेलं नव्हतं. घरच्यांनी विचारलं नाही, कारण काय विचारायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि बोलायचं तर हळू आवाजात, व्हरांड्यात. जिला विचारता आलं असतं तिला सूज झाली होती.

आम्ही तारीख रद्द केली आणि मुंबई गाठली. तिथे गाठ मोजली: अडीच सेंटीमीटर, गर्भाशयमुखापुरती. पहिलीच स्टेज, पण साध्या ऑपरेशनने भागण्यासारखी नाही. अशा गाठीला पिशवीसोबत तिच्या दोन्ही अंगांची ऊती, योनीचा वरचा थोडा भाग आणि ओटीपोटातल्या लसिका ग्रंथी काढाव्या लागतात. ते न करता नुसती पिशवी काढली आणि नंतर कळलं, तर मागाहून शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यावा लागतो किंवा पुन्हा पोट उघडावं लागतं. दोन्हीचा त्रास बाईच्याच वाट्याला.

तात्यांचा सगळ्यात जोरदार मुद्दा इथे येतो. ते म्हणाले, "लवकर सापडलंय. पिशवी काढली की संपलं. मग नाव सांगून तिला घाबरवायचं कशाला?" उशिरा सापडलेल्या, औषधपाणी संपत आलेल्या माणसाच्या बाबतीत न सांगण्याचं समर्थन मी एक वेळ ऐकून घेईन, पटणार नाही तरी. पण लवकर सापडणं म्हणजे नेमकं काय मिळणं? जगण्याची शक्यता तर मोठी असतेच. आजार गर्भाशयमुखापुरता असताना सापडला तर पाच वर्षांनी दहापैकी नऊ जणी हयात असतात, असं अमेरिकेतली नोंदणी सांगते. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट मिळते, तिला मी तितकीच मोलाची समजते. लवकर सापडलेल्या बाईला निवड करता येते. पुढच्या टप्प्यांत ती राहत नाही, मग एकच रस्ता उरतो. आणि जिला आजाराचं नावच माहीत नाही ती निवडणार काय?

ही निवड कागदावरची नाही. १९९७ साली इटलीतल्या एका अभ्यासात सुरुवातीच्या टप्प्यातल्या ३४३ बायकांपैकी निम्म्यांवर मोठं ऑपरेशन केलं, निम्म्यांना शेक दिला. पाच वर्षांनी दोन्हीकडे जगलेल्यांचं प्रमाण सारखंच निघालं, ८३ टक्के. फरक पडला तो त्रासाच्या जातीत. शेकाने बीजांडकोश निकामी होतात आणि पाळी कायमची जाते. ऑपरेशनमध्ये ते बहुधा ठेवता येतात, पण मूत्राशयाच्या नसा दुखावतात आणि पाय सुजण्याची भीती राहते. यातला कुठला त्रास पत्करायचा, हे व्हरांड्यात उभा राहिलेला कुणी पुरुष कसं ठरवणार? मला मुंबईत विचारलं, "बीजांडकोश ठेवायचे का?" मी म्हणाले, ठेवा. अडतीस वर्षांच्या बाईला हा प्रश्न माझ्यापेक्षा दहापट महत्त्वाचा आहे. ते काढले तर ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून तिला रजोनिवृत्ती आलेली असेल, अंगातून वाफा निघतील, हाडं ठिसूळ व्हायला लागतील. गाठ दोन सेंटीमीटरच्या आत असेल तर नुसतं गर्भाशयमुख काढून पिशवी राखण्याचं ऑपरेशनही असतं. फ्रान्समधल्या दार्जां नावाच्या सर्जनने ते १९८७ मध्ये सुरू केलं, म्हणजे ते काही आजचं नवलाईचं नाही. दोन लेकरं झाली म्हणून तात्यांच्या सुनेला त्याची गरज नाही, असं तिच्याशिवाय सगळ्यांनी ठरवून टाकलं आहे.

मग दुर्बिणीचं ऑपरेशन. तात्यांनी अभिमानाने सांगितलं, "दुर्बिणीनं करणार आहेत, टाके दिसणार नाहीत, चौथ्या दिवशी घरी." पोरासाठी कर्ज काढणाऱ्या बापाचा तो अभिमान होता, मला रडू आलं. तात्या, पित्ताशयासाठी दुर्बीण चांगली आहे, या आजारासाठी तसं म्हणता येत नाही. २०१८ साली ६३१ बायकांवरच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा निकाल आला. सगळ्यांना वाटलं होतं दोन्ही पद्धती सारख्या निघतील. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण पोट उघडून केलेल्या गटात ९६.५ टक्के होतं आणि दुर्बिणीच्या किंवा रोबोच्या गटात ८६. जगभरच्या डॉक्टरांनी त्यानंतर आपली रीत बदलली. माझ्या पोटावर बेंबीपासून खालपर्यंत वण आहे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण तो का आहे हे मला माहीत आहे. सुजेसाठी ऑपरेशन करायचं तर कुठलीही बाई लहान टाक्यांनाच हो म्हणेल, आणि तिला दोष देता येणार नाही.

कुणी जाणकार म्हणेल, की २०२४ मध्ये उलट दिशेचाही पुरावा आला आहे: लहान, कमी धोक्याच्या गाठींना साधं पिशवीचं ऑपरेशनही पुरतं. खरं आहे. पण त्या अभ्यासातल्या बायकांच्या गाठी दोन सेंटीमीटरच्या आतल्या होत्या, किती खोल गेल्यात ते आधी पाहिलेलं होतं, ग्रंथीही तपासल्या होत्या. मोजून कमी करणं आणि न मोजता उरकणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमच्या मराठवाड्याला तर "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" या वाक्याने पुरतं पोळलेलं आहे. २०१९ मध्येच सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलेल्या कितीतरी तरण्या बायकांना कॅन्सरचं नाव घेऊन घाबरवलं गेलं. म्हणजे जिथे कॅन्सर नाही तिथे त्याचं नाव घ्यायचं आणि जिथे आहे तिथे सूज म्हणायचं. दोन्ही वेळा बाईला खरं सांगायचं नाही, एवढं मात्र पक्कं.

"ती हाय खाईल," हा तात्यांचा दुसरा मुद्दा. मी तो हसण्यावारी नेणार नाही. फाइल सापडली त्या दुपारी मी मोरीत जाऊन नळ सोडून बसले होते, किती वेळ ते आठवत नाही. २०१२ मध्ये स्वीडनमधल्या लाखो माणसांच्या नोंदींवरून दिसून आलं, की कॅन्सरचं निदान कळल्यावरच्या पहिल्या आठवड्यात आत्महत्येचा धोका बाराएक पटींनी वाढलेला असतो, आणि हृदयाच्या आजाराने मरण्याचाही वाढतो. तात्यांची भीती खरी आहे. पण पहिला आठवडा धोक्याचा आहे याचा अर्थ त्या आठवड्यात तिला एकटी सोडू नका, असा होतो. मी नऊ दिवस एकटीच होते, भरल्या घरात. यांचं जेवण तुटलेलं, दीर डोळ्याला डोळा देत नाहीत, भाऊ विनाकारण आंबे घेऊन आला आणि दारातच रडून परत गेला. मला वाटलं यांचं कुठेतरी कर्ज थकलंय. एकदा तर वाटलं यांचं दुसरीकडे काही आहे. आजाराचं नाव माझ्यापासून राखलं, पण भीती राखता आली नाही. ती घरभर होती, फक्त तिला नाव नव्हतं. यांची अवस्था तर माझ्याहून वाईट. ज्या एका माणसाजवळ मन मोकळं करायची यांना पंचवीस वर्षांची सवय होती, त्याच माणसापासून लपवायचं होतं. फाइल घेऊन मी समोर उभी राहिले तेव्हा हे मटकन खाली बसले आणि पहिल्यांदा काय म्हणाले असतील? "बरं झालं."

मुंबईत ओपीडीच्या बाकावर माझ्या शेजारी औशाकडची एक बाई बसायची. साठीची असेल. तिला इथे मशीन चांगली आहेत म्हणून आणलंय, असं मुलाने सांगितलेलं. मुलगा केस पेपर घेऊन खिडकीकडे गेला की ती माझ्याकडे झुकून बोलायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला ठावं हाय कशाचं दुखणं हाय ते. एवढा मोठा बोर्ड लावलाय. पर पोराला कळू दिऊ नका मला कळलंय ते. त्येला लई वाईट वाटंल." आई मुलाला जपत होती, मुलगा आईला, आणि मधल्या बाकावर दोघं एकमेकांशी एसटीच्या वेळांबद्दल बोलत होते. मला त्या बाईची आठवण अजून येते. तिला काय विचारायचं होतं ते तिने कधीच कुणाला विचारलं नाही.

खेड्यातल्या, कमी शिकलेल्या बाईला हे पेलणार नाही, असंही म्हटलं जातं. याचं उत्तर आपल्याच मुलखात आहे आणि ते पुस्तकी नाही. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तिथले कार्यकर्ते गावोगाव जाऊन बायकांना साध्या शब्दांत सांगायचे: पाळी गेल्यावर रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त गेलं, घाण वासाचं पाणी जात राहिलं, तर दवाखान्यात या, हा कॅन्सर असू शकतो आणि लवकर आलात तर बरा होतो. नाव घेऊन सांगायचे. मोठी यंत्रं नव्हती. काही वर्षांत लवकरच्या टप्प्यात येणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलं. १९९५ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. खेड्यांचे ५२ समूह करून कुठे विषाणूची तपासणी, कुठे पेशींची पॅप तपासणी, कुठे व्हिनेगरसारखं आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. आयुष्यात एकदाच केलेल्या विषाणूच्या तपासणीने या आजाराचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये जगाला कळलं ते धाराशिवच्या बायकांमुळे. कशाची तपासणी आहे हे सांगितल्यावर त्यांतल्या बहुतेक जणी आल्या, टेबलावर झोपल्या, तपासून घेऊन शेतात परत गेल्या. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही तेच झालं. दहावी झालेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी बायका तपासल्या आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. या बायकांना "पेलणार नाही" म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांच्याकडे नीट पाहावं.

"डॉक्टरच म्हणाले, मिस्टरांना सांगितलं म्हणजे झालं." हा तिसरा मुद्दा, आणि त्याला आधार अगदीच नाही असं नाही. डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेत लिहिलंय, की आजाराचं गांभीर्य वाढवून सांगू नये, कमी करूनही सांगू नये, आणि रुग्णाला, नातेवाइकांना किंवा जबाबदार स्नेह्यांना परिस्थितीची कल्पना असावी. त्यातल्या "किंवा"च्या आडोशाला कितीतरी व्हरांडे उभे आहेत. पण संमतीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात काय सांगितलं ते डॉक्टरांनी पुन्हा वाचावं. दुर्बिणीने तपासणीसाठी भूल दिलेल्या एका सज्ञान बाईची पिशवी आणि बीजांडकोश बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन काढले गेले होते. आईचीच सही, तरीही न्यायालयाने ती संमती मानली नाही. बाई सज्ञान आहे, शुद्धीवर येणार आहे, जीव लगेच धोक्यात नाही, मग तिच्या शरीराबद्दल तिलाच विचारायला हवं होतं. आणि संमती म्हणजे कशासाठी, काय काढणार, दुसरा उपाय कोणता, हे कळून दिलेली. सुजेच्या नावावर घेतलेली सही या कसोटीला कशी उतरेल?

चौथी गोष्ट तात्यांनी अर्धवटच सोडली. "हा आजार कशानं होतो म्हणतात ते… लोक काय काय बोलतील." मला वाटतं न सांगण्याच्या मुळाशी पुष्कळ वेळा हेच असतं, बाकीचे मुद्दे वरून चढवलेले. तर सरळ बोलू. हा आजार ह्युमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे होतो. हाराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने ते दाखवलं, त्याबद्दल त्यांना २००८चं नोबेल मिळालं. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. आणि तो इतका सर्रास आहे, की संबंध असलेल्या बहुतेक सगळ्या स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होऊन जाते. शंभरातल्या नव्वद जणींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप नाहीसा होतो. थोड्याजणींमध्ये टिकून राहतो, आणि तिथून कॅन्सर व्हायला बहुधा दहा-वीस वर्षं लागतात. कुणाकडून आला, कधी आला, हे कुठल्याही तपासणीत कळत नाही. एकाच नवऱ्याबरोबर आयुष्य काढलेल्या बाईला तो होतो, आणि तरी नवऱ्याकडेही बोट दाखवता येत नाही, कारण लग्नाआधीचा, विसरलेला, निरुपद्रवी संसर्गही असू शकतो. माझ्या यांना हे मीच समजावलं. नऊ दिवस ते मनात काय काय घोळवत होते ते त्यांनी नंतर सांगितलं, ते मी इथे लिहिणार नाही. देशात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा आजार झाला आणि जवळपास ८० हजार गेल्या. एवढ्या बायकांच्या चारित्र्याची चर्चा करायला बसणार आहे का गाव?

आणि नाव लपवून लोकांचं तोंड बंद होत नाही. सूज म्हटलेलं दुखणं मुंबई-पुण्याला गेलं की गावाला जे कळायचं ते कळतंच. नाव उघड घेतलं तर निदान शेजारणीच्या कामाला येतं. माझं कळल्यावर शाळेतल्या दोघी सहशिक्षिका तपासून आल्या. एकीच्या गर्भाशयमुखावर कॅन्सरच्या आधीचा बदल निघाला. तो कॅन्सर नव्हे, हेही तिला मीच समजावलं, कारण रिपोर्टमधल्या इंग्रजी शब्दांनी ती अर्धमेली झाली होती. तेवढा भाग काढला, संध्याकाळी घरी. माझी लेक तेव्हा तेरा वर्षांची होती. तिला लस दिली. पंधरा पूर्ण व्हायच्या आत ती जास्त चांगली लागू पडते. आता तर पुण्याच्या सीरमची देशी लस आली आहे, २०२३ पासून. आईला कशाचा आजार झाला हेच जिला ठाऊक नाही, ती लेकीला कशाची लस देणार?

तात्यांना मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते ऑपरेशननंतरचं, कारण तिथे सुजेची गोष्ट टिकणारच नाही. मोठ्या ऑपरेशननंतर लघवीची नळी आठवडा-दोन आठवडे राहते. ती काढल्यावरही पुष्कळ दिवस लघवी आल्याचं जाणवत नाही, घड्याळ लावून दर तीन तासांनी जावं लागतं. मी वर्गात मोबाइलवर गजर लावत असे आणि पोरांना वाटायचं बाईंना कुणाचा तरी फोन येतो. बद्धकोष्ठ होतं. पाय जड होतात. नवऱ्याजवळ जायची भीती वाटते, योनी थोडी आखूड झालेली असते, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. शेक घेतला असेल तर ती अरुंद होऊ नये म्हणून खास साधन वापरायला देतात, ते नर्सला विचारायला लाजायचं नाही. हे आधी कळलं तर बाई म्हणते, हे व्हायचंच होतं, कमी होईल. न सांगता झालं तर म्हणते, साध्या सुजेनं माझं हे काय झालं? आणि काढलेल्या ग्रंथींत आजार सापडला तर पाच आठवडे रोज शेक घ्यायला न्यावं लागेल, सोबत आठवड्याला केमो. तो उपचार मध्ये खंड न पाडता पुरा करायचा असतो. जिथे उपचाराचा सगळा भर शेकावरच असतो तिथे तर आतला शेक धरून आठ आठवड्यांत संपवायला सांगतात. कंटाळून मध्येच घरी जाऊन बसण्याची मुभा त्यात नाही. त्या वेळी काय सांगाल तिला?

पुढची पाच वर्षं तपासणीला जायचं असतं, पहिली दोन वर्षं तर दर तीन ते सहा महिन्यांनी, कारण आजार उलटला तर बहुधा याच काळात उलटतो. सूज उतरलेली बाई चौथ्या महिन्यात सुगी सोडून, दोनशे-चारशे किलोमीटरवर, कशासाठी जाईल? मी गेले, कारण मला माहीत होतं. दर खेपेला आधीचे चार दिवस झोप यायची नाही. ती भीती गेली नाही, पण तिची तारीख मला ठाऊक असायची, आणि तारीख ठाऊक असलेल्या भीतीसोबत माणूस पोळ्या लाटू शकतो, पेपर तपासू शकतो.

सांगणं म्हणजे तोंडावर फेकणं नव्हे, एवढं मी तात्यांच्या बाजूने मान्य करते. रात्री सांगू नये. दवाखान्याच्या जिन्यात सांगू नये. तिला आधी विचारावं, "तुला किती जाणून घ्यायचंय?" काही जणी म्हणतील, एवढ्यात नको. तेही तिनेच म्हणायला हवं. नवऱ्याने जवळ बसावं, सासऱ्याने चहा आणावा, आणि उठायच्या आत पुढे कुठे, कधी जायचंय ते सांगावं. मला मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी एक कागद घेऊन पिशवीचं चित्र काढून दाखवलं, गाठ केवढी ते शेंगदाण्याएवढा गोल काढून दाखवलं. नऊ दिवस जे घरभर पसरलेलं होतं ते त्या कागदावर शेंगदाण्याएवढं झालं. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

तात्या, मी येईन. गुरुवारी पाच वाजता, शाळा सुटल्यावर. तिच्यापाशी बसेन. आपण होऊन काही बोलणार नाही, तो हक्क तुमच्या मुलाचा आहे आणि तो त्याने त्याआधी बजावावा, असं मी त्याला काल फोन करून सांगितलंय. तो बराच वेळ गप्प होता. पण तिने मला विचारलं, "बाई, मला काय झालंय?" तर मी खोटं बोलणार नाही. येताना दोनशे पानी वही आणि तो कागद घेऊन येणार आहे. गाठ किती सेंटीमीटर, एमआरआय झाला का, पोट उघडून की दुर्बिणीनं, बीजांडकोश ठेवणार का, एवढे प्रश्न पहिल्या पानावर लिहून ठेवलेत. उरलेली पानं तिला भरायची आहेत. ऑपरेशनला अजून चौदा दिवस आहेत.